मिठातलं

चरबी कापायची तर सुरी आधी गार करायची,
हे मला हालिनानं शिकवलं,
विनित्सामध्ये, चौथ्या मजल्यावर,
जिच्या खिडकीबाहेर पिशवीत टांगलेलं असायचं ते,
बर्फ खात.

सालो.
खाली खरंच साल, भाजून खरवडलेलं, पिवळट,
वर चार बोटं पांढरंशुभ्र,
मधे एकच गुलाबी रेघ,
पाटीवर पोरानं ओढलेली वाटावी अशी.
ती कागदासारखे काप काढायची,
काळ्या पावावर ठेवायची,
लसणाची पाकळी मिठात बुडवून दातानं तोडायची
आणि मग काही वेळ कुणाशी बोलायची नाही.

एकदा तिनं विचारलं, तुमच्याकडे असतं?
मी म्हटलं, नाही.
मोडक्यातोडक्या युक्रेनियनमध्ये,
पण त्या एका शब्दात चूक नव्हती.

अमळनेरला, बोरीच्या काठी,
आप्पांची अकरा होती.
प्रत्येकाचं नाव होतं, एकीचं तर तहसीलदारीण.
शाळेत हजेरीला माझं नाव आलं
की मागच्या बाकावरून घुर्र यायचं,
बाई वर न बघता पुढचं नाव घ्यायच्या.
पत्ता विचारला की मी सांगायचे, पुलाजवळ.
पुलाजवळच तर होतं.
खाली.

पहिल्या वर्षाची फी भरली
त्या आठवड्यात काठ एकदम गप्प झाला.
आप्पा सवयीनं संध्याकाळी हाळी देत राहिले म्हणे,
महिनाभर.

मग तो फेब्रुवारी.
तळघर, भोंगे, बटाट्याच्या पोत्यावर झोपलेली सगळी बिल्डिंग.
हालिना अंधारात चाचपून काप काढायची,
आता जाड, वाटेल तसे,
पोरांना आधी.
मला देताना हात जरा थांबायचा.
तिला वाटायचं, माझा देव नको म्हणतो.
मी तिला कधी सांगितलं नाही
की देवाचं काही म्हणणं नव्हतं,
गल्लीचं होतं.

निघताना तिनं फडक्यात बांधून एक ढेकूळ पिशवीत कोंबलं.
मीठ आहे, टिकेल, म्हणाली.
खा. देवाला नंतर समजाव.

सीमेपर्यंत चालताना पुण्याची एक मुलगी सोबत होती,
तिचे ओठ निळे पडलेले.
काय आहे हे, तिनं विचारलं.
चीज, मी म्हटलं.
आम्ही दोघींनी खाल्लं. तिनं दोनदा मागून घेतलं.
अजून तिचा मेसेज येतो,
तसलं चीज कुठेच मिळत नाही गं.

अमळनेरला उतरले तेव्हा मार्च, एकोणचाळीस अंश.
बर्फात दगड असलेलं ते
आमच्या पत्र्याखाली घामाघूम झालं,
फडकं ओलं, वास मोकळा.
मायनं गाठ सोडली,
नाकाशी नेलं, नखानं टोकरलं, जिभेवर ठेवलं.
मी डोळे मिटून वाट पाहिली.
“हाई ते आपलंच शे,” ती म्हणाली.
आणि लगेच, डॉक्टरनं नाडी बघावी तसं,
“कितलं मीठ टाकं तिनी?”

तवा तापला. लसूण ठेचला.
तडतड उडायला लागली
आणि वास निघाला, दारातून, पुलाच्या पायऱ्या चढून
वर रस्त्यावर,
जिथून मी रोज नाक खाली घालून जायचे.
मी दार लावायला उठले.
कडीपर्यंत हात गेला.
मग तशीच परत येऊन बसले,
कळण्याची भाकर मोडली.

रात्री हालिनाला लिहिलं:
आमच्याकडे असतं.
लसूण आम्ही जास्त घालतो.
एकच टिक.
अजून एकच आहे.

सगळं संपलं, साल उरलं.
माय म्हणाली, टाकून दे, चावायचं नाही कुणाला.
आप्पांनी ते उचललं
आणि बाहेर खाट ओढून चघळत बसले,
बराच वेळ,
रस्त्याकडे तोंड करून.